मध्येच ठेवता येणारं काम

नऊवारी लुगडं म्हणजे २७ फूट कापड, पन्हा साधारण ४५ इंच. लांबीत त्याची चौघडी घातली की पावणेसात फूट लांब आणि पावणेचार फूट रुंद असा चार थरांचा पट्टा तयार होतो. एका माणसाला अंथरायला किंवा पांघरायला नेमकं एवढंच लागतं. यात कात्री लागलेली नाही, टेपने माप घेतलेलं नाही, मध्ये कापूस भरलेला नाही. या थरांवरून सुई फिरली की झाली गोधडी. गोधडीविषयी लिहिताना आपल्याकडे आजीची माया, लुगड्याचा वास आणि उबेच्या आठवणी यांची गर्दी होते. त्यात खोटं काही नाही, पण त्या गर्दीत एक व्यवहारी गोष्ट दिसेनाशी होते. गोधडीचं सगळं तंत्र, म्हणजे टाका, थर, ठिगळं, शिवायची दिशा, हे सारं मध्येच उठावं लागणाऱ्या माणसासाठी घडलेलं आहे. रत्नागिरीत आज नोकरी, शाळेचा डबा आणि दोन खोल्यांचा संसार सांभाळून शनिवार-रविवारी काहीतरी शिवावं असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी गोधडीची ही बाजू तिच्या आठवणींपेक्षा जास्त उपयोगाची आहे, असं माझं म्हणणं आहे.

आधी या कामाला किती वेळ लागतो ते मोजू. वर सांगितलेला पट्टा ८१ इंच लांब आणि ४५ इंच रुंद. दोन ओळींत अर्धा इंच अंतर ठेवलं तर लांबीच्या ९० ओळी होतात. त्या एकापुढे एक मांडल्या तर शिवणीची लांबी ६०० फुटांच्या वर, म्हणजे सुमारे १८५ मीटर भरते. इंचाला चार टाके धरले तर एका गोधडीत २९ हजारांहून अधिक टाके पडतात. सवयीचा हात सुईवर तीन-चार टाके एकदम घेतो, पण दोरा ओवणं, ओढणं, गाठ मारणं धरून मिनिटाला सरासरी २० टाके समजू. हिशेब चोवीस तासांच्या थोडा पुढे जातो. शनिवारी दोन तास, रविवारी दोन तास दिले तर सहा आठवडे. कागदावर हे सोपं दिसतं. अडचण अशी की घरात दोन तास सलग मिळत नाहीत. नळाला पाणी येतं, मासेवाली दारात हाक मारते, कुकरच्या शिट्ट्या मोजाव्या लागतात, मुलाला कंपास सापडत नाही. मिळतात ते बारा मिनिटं, पंचवीस मिनिटं, फार तर चाळीस मिनिटं असे तुकडे. म्हणून छंदाचं काम निवडताना त्याला एकूण किती तास लागतात याहून, ते हातात घ्यायला आणि खाली ठेवायला किती वेळ लागतो, हे आधी पाहायला हवं.

या कसोटीवर शिलाई मशीन मागे पडतं. मशीनवर बसायचं तर आधी टेबल रिकामं करा, बॉबिन भरा, दोरा ओवा, खडूच्या खुणा करा, इस्त्री तापवा. काम संपलं की त्याच टेबलावर जेवायचं असतं, म्हणून पुन्हा सगळी आवराआवर. चाळीस मिनिटांतली पंधरा-वीस यातच जातात. लोकरीच्या विणकामाला मांडामांड नसते, पण तिथे घरं मोजावी लागतात, आणि सुई निसटली की टाके सुटतात. मोजून भरायच्या भरतकामातही चौथ्या ओळीतलं सातवं घर कोणतं हे डोक्यात ठेवावं लागतं. गोधडीत हे काहीच नाही. सुई जिथे खोचून ठेवली तिथूनच पुढे चालायचं. मागची ओळ हीच पुढच्या ओळीची खूण, त्यामुळे लक्षात काही ठेवावं लागत नाही. आई उठली आणि मुलगी बसली तरी काम पुढे जातं. टाका थोडा लहानमोठा होतो एवढंच, आणि गोधडीत तो खपतो. अपवाद फक्त सुरुवातीचा. थर अंथरणं, सुरकुत्या काढणं आणि हातभर अंतरावर कच्चे टाके घालून ते पक्के बांधणं, हे एका बैठकीतच करावं लागतं. त्याला मोकळी जमीन लागते आणि दोन माणसं असली तर बरं. सारवलेलं कोरडं अंगण किंवा पडवी हाताशी असलेल्या कोकणी घरात ही सोय उन्हाळ्यात आपोआप होती. फ्लॅटमध्ये पलंग सरकवावा लागतो.

रत्नागिरीत ही कला का टिकली याचं उत्तर जमिनीत आहे. जांभ्याची माती आणि वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, म्हणजे इथे कापूस पिकणं अवघडच. भात, नाचणी, नारळ, आंबा, मासळी घरची किंवा गावची. पण कापड मात्र नेहमी बाहेरून आलं, पूर्वी घाटावरून आणि बंदरांतून, पुढे मुंबईहून. ज्या घरात धान्य मोजून वापरलं तरी निदान पिकवता येत होतं, त्या घरात कापड रोख पैसे मोजूनच आणावं लागे. रोख पैसा येई मनीऑर्डरने. १८५४ साली मुंबईत कावसजी दावर यांनी पहिली कापड गिरणी काढली आणि पुढच्या काही दशकांत गिरणगावाला सर्वांत जास्त कामगार पुरवणाऱ्या जिल्ह्यांत रत्नागिरीचं नाव आलं. तेव्हा आजच्या सिंधुदुर्गाचाही बराच भाग याच जिल्ह्यात होता. सिंधुदुर्ग वेगळा जिल्हा झाला १९८१ मध्ये. म्हणजे घरातला पुरुष मुंबईत दिवसाला कितीतरी वार कापड निघणाऱ्या यंत्रापाशी उभा, आणि गावी त्याची बायको त्याच जातीच्या लुगड्याचे उरलेले धागे जपते आहे, असं ते चित्र होतं. नवं शिवलेलं कापड अंगावर येणं ही केवढी मोठी गोष्ट होती, याची साक्ष दापोली तालुक्यातल्या पालगडचे साने गुरुजी देतात. 'श्यामची आई'मध्ये श्याम धाकट्या भावासाठी कोट शिवून नेतो, तो प्रसंग एक अख्खं प्रकरण व्यापतो. आज एका कोटासाठी कोणी प्रकरण लिहिणार नाही.

लुगडं एका दिवसात गोधडी होत नसे. त्याआधी त्याची बरीच उतरंड असे. लुगडं सगळीकडे सारखं विरत नाही. बसण्याचा भाग आधी जातो, काठ आणि पदर टिकतात. मध्ये विरलं की तेवढा भाग काढून दोन शाबूत तुकडे जोडायचे, याला दंड घालणं म्हणत. दंडाचं लुगडं आणखी काही काळ नेसलं जाई. मग त्याची परकर-चोळीची अस्तरं, बाळाची दुपटी, आणि अखेर गोधडी. तिथेही विरलेला भाग पोटात, शाबूत भाग वर आणि खाली, काठ कडेला, कारण गोधडी आधी कडेलाच फाटते. सूत कुठे ताण घेतं आणि कुठे दगा देतं हे यातल्या प्रत्येक निर्णयात गृहीत धरलेलं आहे. शाळेत याला वस्त्रशास्त्र म्हणतात. घरात त्याला नाव नव्हतं, म्हणून ते ज्ञान मोजलंही गेलं नाही.

थंडी असते तिथे रजई लागते. कोकण किनाऱ्यावर तसा कडाका नसतो. मग चार-सहा थर एकत्र शिवायची खटपट कशासाठी? ऊब कापडातून येत नाही, कापडाच्या थरांत अडकलेल्या हवेतून येते. हवा स्थिर राहिली तर ती उष्णता फार हळू वाहून नेते. धावदोऱ्याच्या दोन ओळींमधला फुगीर पट्टा ही त्या हवेची कोठडी. ओळी फार जवळ घेतल्या की थर चपटे होतात आणि ऊब घटते, फार लांब घेतल्या की धुताना थर सरकतात. अर्धा ते एक इंच हे अंतर त्या ओढाताणीतून ठरतं. रजईत पिंजाऱ्याने पिंजलेला सुटा कापूस असतो. कोरड्या हवेत तो उत्तम, पण चार महिने भिंतींना घाम येणाऱ्या प्रदेशात तो ओल धरतो, गोळे होऊन एका कोपऱ्यात जमतो, आणि घरी धुता येत नाही. गोधडी धुता येते. व्हाळावर नेऊन दगडावर आपटली तरी ती टिकते, आणि याला कारण आहे. कापसाचा धागा भिजला की त्याची ताकद कमी होत नाही, उलट वाढते. रेयॉनचं याच्या बरोबर उलट होतं. ओलं झालं की ते फार दुबळं पडतं. शिवाय जुनं सुती कापड अनेक धुण्यांत आटायचं तेवढं आटून झालेलं असतं, खळ निघून गेलेली असते, धाग्यावर बारीक लव आलेली असते. नव्या कापडाची गोधडी पहिल्याच धुण्यात आक्रसते. जुन्याची आक्रसत नाही. बाळाला नव्यापेक्षा जुन्या लुगड्याचं दुपटं घालण्यामागे काटकसर होती तसं हेही होतं.

शिवणकामाचं आपलं औपचारिक शिक्षण वेगळ्या वाटेने गेलं. घरोघरी उषा किंवा मेरिटचं पायाचं मशीन आलं, गल्लीत शिवणक्लास निघाले आणि कापायच्या आकृत्यांची पुस्तकं आली. त्यांतली झारापकरांची पद्धत मराठी घरांत सर्वाधिक पोचलेली. त्या आडनावातलं झाराप कुडाळ तालुक्यात, म्हणजे जुन्या रत्नागिरी जिल्ह्यातच. या शिक्षणाने मापाला महत्त्व आलं. छाती, कंबर, खांदा यांच्या आकड्यांवरून कागदावर आकृती, आकृतीवरून कापड, मग टीप. पोलक्यासाठी हे हवंच. पोलकं अंदाजाने होत नाही. पण याच सवयीने गोधडी अडाण्यांची ठरली, कारण तिला आकृती नव्हती. परदेशात रजईकलेचा छंद वाढला तोही मापाच्या वाटेने. १९७९ मध्ये जपानच्या ओल्फा कंपनीने फिरत्या पात्याची चाकू-चकती आणली आणि कापडाचे शंभर चौकोन मिनिटांत अचूक कापता येऊ लागले. तिथला छंद आज बराचसा असा चालतो की नवं कापड विकत आणायचं, त्याचे तुकडे करायचे आणि ते पुन्हा जोडायचे. याला हसायचं कारण नाही, त्यातून फार देखणी कामं होतात. पण त्याला कायमचं मांडलेलं टेबल लागतं, चटई लागते, इस्त्री लागते, आणि प्रत्येक टप्पा पुरा झाल्याशिवाय पुढचा सुरू होत नाही. वन बीएचकेमध्ये तो छंद तिसऱ्या आठवड्यात कपाटावर जातो.

मशीनच्या बाजूने बोलणारे म्हणतील की चोवीस तासांचं काम मशीन दोन-तीन तासांत उरकेल, मग टाके मोजत बसायचं कशाला. वेगाबद्दल ते बरोबर आहेत. पण घरगुती मशीन गोधडीसाठी बनलेलंच नाही. त्याचे दाते कापड खालून ढकलतात आणि वरचा फूट ते दाबून धरतो. दोन थरांत हे चालतं. चार-सहा थरांत खालचा थर पुढे जातो, वरचा मागे रेंगाळतो, आणि शेवटी एका टोकाला चुणी गोळा होते. त्यात सुई आणि मशीनचा खांब यांच्यामधल्या वीतभर जागेतून पावणेसात फुटांची गुंडाळी सरकवायची. वरचा थरही सोबत ओढणारा खास फूट बाजारात मिळतो आणि तो लावला तर काम होतं. तेव्हा मशीनवर गोधडी होत नाही असं म्हणणं खोटं ठरेल. तुकडे जोडायला आणि कडेचा गोट लावायला तर मशीनच चांगलं. आतल्या टाक्यांसाठी मात्र हातसुई घ्यावी, कारण ते टाके आठवडाभर विखुरलेल्या वेळात घालायचे असतात. त्या वेळात वीज असेलच असं नाही. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा मंडणगड-दापोलीतल्या कित्येक गावांत बरेच दिवस दिवे नव्हते. वादळ नसलं तरी पहिल्या पावसात तारांवर फांद्या पडतातच.

हे तंत्र एकट्या कोकणाचं नाही. घाटावर कोल्हापूर-सांगलीकडे तिला वाकळ म्हणतात, कर्नाटकात कौदी, बंगालात कांथा, बिहारमध्ये सुजनी, सिंध-राजस्थानकडे रल्ली. सजावटीत जमीन-अस्मानाचं अंतर असलं तरी थरांवरून चालणारा धावदोरा सगळीकडे आहे. माझ्या म्हणण्याला सर्वांत पक्का पुरावा मिळतो तो उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी बायकांच्या कवंदीत. आफ्रिकी वंशाचे हे लोक यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड या भागांत पिढ्यानपिढ्या राहतात. कवंदीची सुरुवात एका कोपऱ्यातून होते. कडेने ठिगळं लावत, शिवत, फेऱ्या मारत बाई मध्याकडे येते. ठिगळं आधी जोडून मग शिवायची नाहीत, शिवता शिवताच लावायची. चारही कोपऱ्यांना कापडाच्या घड्यांची फुलं बसवतात. फुलाशिवायची कवंदी त्यांच्या लेखी उघडीवाघडी. या पद्धतीत पुढचं ठिगळ कोणतं हे आज ठरवायचं कारण नाही. मुलाचा सदरा पुढच्या महिन्यात फाटला तर तो पुढच्या फेरीत. आधी सगळा माल गोळा करून, आराखडा काढून बसण्याची चैन नसलेल्या माणसाने हे तंत्र घडवलं आहे. आपल्या गोधडीतही कडेपासून आत येणाऱ्या चौकोनी फेऱ्यांची चाल आहे, आणि तिचा आणखी एक फायदा म्हणजे काम अर्धवट राहिलं तरी कडा आधी पक्क्या झालेल्या असतात.

यावर सर्वांत गंभीर आक्षेप गरिबीचा आणि बायकांच्या श्रमाचा आहे, आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. गोधडी ही नडीची वस्तू होती. गाडगेबाबांना लोक सुरुवातीला गोधडे महाराज म्हणत ते त्यांच्या अंगावरच्या चिंध्यांमुळे. त्या नावात कौतुक कमी आणि ओळख जास्त होती. ज्यांनी नडीपायी शिवलं त्यांच्या कामाला आज छंद म्हणून मिरवणं बरं दिसतं का? शिवाय बाईचा वेळ तुकड्यातुकड्यांचा होता तो कोणीतरी तिचे तुकडे करत होतं म्हणून. पाणी, गुरं, लावणी, जेवणं यांच्या मधल्या फटीतसुद्धा तिने रिकामं बसू नये, ही अपेक्षाच त्या टाक्यांत आहे. हे सगळं मला मान्य आहे. मजुरीचा हिशेबही तेच सांगतो. चोवीस तास म्हणजे आठ तासांचे तीन दिवस. २०२४-२५ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीचा दर दिवसाला २९७ रुपये होता. त्या दराने नुसती शिलाई ८९१ रुपये, कापड आणि दोरा वेगळा. पानिपतच्या गिरण्यांतलं ब्लँकेट बाजारात याहून स्वस्त पडतं. म्हणून गोधडी शिवून घरची काटकसर होते असं आज कोणी म्हणत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये. आणि कोणी हाताची गोधडी दोन-चारशे रुपयांत मागत असेल तर तो शिवणारीच्या तीन दिवसांतले दोन फुकट मागतो आहे.

पण नडीतून आलेलं तंत्र नड संपल्यावर टाकून द्यावं, असा निष्कर्ष त्यातून निघत नाही. अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या जीज बेंड या खेड्यातल्या कृष्णवर्णीय बायकांनी कापसाच्या शेतात राबून उरल्या वेळात कामाच्या जुन्या कपड्यांच्या गोधड्या शिवल्या. २००२ मध्ये त्या ह्यूस्टनच्या आणि मग न्यूयॉर्कच्या संग्रहालयांत भिंतीवर लागल्या आणि आधुनिक चित्रकलेच्या जाणकारांनी त्यांची दखल घेतली. गरिबीला मान मिळाला असं त्याचं वर्णन करणं भाबडेपणाचं आहे. तिथे दखल घेतली गेली ती रंगाच्या आणि जुळणीच्या निर्णयांची, जे त्या बायकांनी घेतले होते आणि ज्यांना तोवर कोणी निर्णय म्हटलं नव्हतं. नडीची गोधडी आणि छंदाची गोधडी यांत टाक्याचा फरक नाही. फरक एवढाच की छंदाचं काम ठेवून द्यायची मुभा असते. ती मुभा घरात खरोखर आहे की नाही, हे प्रत्येकीने आपल्यापुरतं तपासावं. रविवारची सुईसुद्धा घरच्यांच्या फर्माइशीवर चालू लागली तर तो छंद राहत नाही. आणि हो, यात प्रत्येकी म्हणताना प्रत्येकही येतो. शहरातला शिंपी पुरुष असतो तेव्हा कोणाला नवल वाटत नाही. घरात पुरुषाने सुई धरली की वाटतं, त्याला काही अर्थ नाही.

राहिला कापडाचा प्रश्न, आणि तो अवघड आहे. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतर मुंबईच्या गिरण्या उताराला लागल्या. त्याच सुमाराला कृत्रिम धाग्याच्या साड्या घराघरांत रुळल्या होत्या. आज कपाटातून निघणाऱ्या जुन्या साड्यांत पॉलिस्टरच जास्त. सुती कापड साध्या हवेत आपल्या वजनाच्या सुमारे आठ टक्के ओल सामावून घेतं, पॉलिस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. म्हणजे घाम अंगावरच राहतो. त्यात ते निसरडं, चार थर एकावर एक राहत नाहीत, सुईला चिकटून येतात. गोधडीला हे कापड वाईट, असं सरसकट सांगितलं जातं. त्याला माझी एक पुरवणी आहे. ओल धरत नाही म्हणूनच पॉलिस्टर लवकर वाळतं आणि त्याला बुरशी कमी लागते, आणि रत्नागिरीच्या जुलैमध्ये ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. पोटातला एखादा थर पॉलिस्टरचा, अंगाला लागणारे दोन्ही थर सुती, अशी तडजोड चालते. मात्र कच्चे टाके दुप्पट घालावे लागतात. कापड कोणतं हे कळत नसेल तर कडेचा एक धागा काढून तो ताटलीत जाळावा. सुताला जळत्या कागदाचा वास येतो आणि मऊ राख पडते. पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो.

पाचवारी साडी नावाला पाच वार, पण प्रत्यक्षात साडेपाच मीटरच्या आसपास, म्हणजे १८ फूट. तिच्या तीन घड्या सहा फुटांच्या होतात. एका सुती पाचवारीची तीन थरांची हलकी गोधडी होते आणि ती मुंबईला नेण्याइतकी लहान घडीत मावते. पण पहिल्याच फटक्यात तेवढी हाती घेऊ नये. ३६ इंच लांब, ३० इंच रुंद दुपटं घ्यावं. ओळींत एक इंच अंतर ठेवलं तर शिवण ९० फूट, टाके सव्वाचार हजारांच्या थोडे वर, वेळ साडेतीन-पावणेचार तास. एका शनिवार-रविवारात, उठत-बसत, हे होतं. रंग जातो का ते पाहायला कापड आधी धुऊन घ्यावं. दोरा सुतीच घ्यावा, कारण पॉलिस्टरचा दोरा जुन्या सुताला कापत जातो. दोरा हातभरच ओवावा, लांब दोऱ्याचा गुंता होतो. बोटात अंगुस्तान घालावं. चार थरांतून सुईचं टोक बाहेर काढताना बोट दुखतं आणि बहुतेक जणी याच टप्प्यावर काम सोडतात. टाका ओढून ताणू नये. थोडी सुरकुती पडली तर पडू द्यावी, बंगालच्या कांथ्यात तर त्या सुरकुतीचीच शोभा मानतात. शिवून झाल्यावर दुपटं एकदा गरम पाण्यात धुऊन कातळावर किंवा गच्चीवर कडकडीत वाळवायचं असतं, आणि त्यासाठी लागणारं ऊन रत्नागिरीत मेअखेरपर्यंतच भरवशाचं. ७ जूनच्या आसपास मृग लागतं.